परदेशी उमेदवार आणि आपली खेडी

‘उमेदवार’ हा शब्द आज बहुतेकांना निवडणुकीपुरताच ठाऊक उरला आहे. जुन्या कचेऱ्यांत, छापखान्यांत आणि वकिलांच्या घरी जे उमेदवार असत, ते वेगळे. बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर वर्ष-दोन वर्षे राबायचे, जाणत्या माणसाच्या हाताखाली पाहून पाहून काम शिकायचे, आणि मग नशिबात असेल तर नोकरीला लागायचे, अशी ती उमेदवारी. हल्ली तिला ‘इंटर्नशिप’ म्हणतात. नाव बदलले, वस्तू तीच आहे.

या उमेदवारीच्या एका विशेष प्रकाराविषयी आज बोलायचे आहे. दूर देशातली एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा वही आणि कॅमेरा घेऊन साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या स्टँडवर उतरतो. पत्रकारितेचे शिक्षण नुकतेच झालेले असते. इथल्या खेड्यांतले जिणे, जत्रा, शेती, चालीरीती यांविषयी त्याला लिहायचे असते, आणि मुदत असते दोन-तीन महिन्यांची. या मुदतीत त्याने काय शिकावे, कोणाकडून शिकावे, आणि त्याच्या लिहिण्याशी आपणा शहरवासीयांचा संबंध काय, असा हा विषय आहे.

विषय लांबचा वाटेल, पण तो तसा नाही. आपल्या खेड्यांविषयी बाहेरच्या जगाला जे कळते, ते कोणीतरी लिहिलेले असते. त्या लिहिण्यावरून मते बनतात, मदत येते किंवा येत नाही, धोरणे ठरतात. एकदा चुकीचे चित्र छापले गेले की ते पुसायला पिढ्या जातात. म्हणून लिहिणाऱ्याची उमेदवारी नीट होते की नाही, हा आपल्याही हिताचा प्रश्न आहे.

एका दिवसात दिसणारे खेडे

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी त्यांचा संसार बराच काळ एकत्र होता. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगलीसारख्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखात पावसाची तऱ्हा पाहा. महाबळेश्वरला वर्षाकाठी दोनशे इंचांच्या वर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे माण तालुक्यात वीस इंचांची भ्रांत असते. मध्ये कृष्णाकाठ आहे, तिथे ऊस आणि हळद. खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा दुष्काळाच्या छायेतला पट्टा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडे चढवले खरे, पण पाणी असलेला शेतकरी आणि नसलेला शेतकरी हा भेद इथल्या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी आहे.

नवख्या पाहुण्याला मात्र हा भेद दिसत नाही. त्याला दिसते वाई तालुक्यातल्या बावधनचे बगाड. रंगपंचमीच्या दिवशी बैलांच्या जोड्या तो प्रचंड लाकडी गाडा ओढतात, वर बगाड्या टांगलेला असतो, खाली हजारो माणसांचा गजर चालू असतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, तेही त्याला दिसते. ही दृश्ये भव्य आहेत यात शंका नाही. पण ती एका दिवसात दिसतात, आणि एका दिवसात दिसणाऱ्या वस्तूंचा एक धोका असतो. त्या पाहून झाल्या की गाव पाहून झाले असे वाटू लागते.

आपल्या खेड्यांवर परक्यांनी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज गृहस्थाने पेशवाई बुडाल्यावर लवकरच पुण्याजवळच्या लोणी गावाची हकीकत लिहिली आणि ती १८२३ साली छापली गेली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ सालचा. जमिनी, जाती, पिके, देवळे, रस्ते यांची त्यातली माहिती अभ्यासक आजही चाळतात. परंतु हे लिहिणे राज्यकर्त्याच्या सोयीसाठी होते. ज्याच्याविषयी लिहिले त्याने ते वाचावे, त्यावर दोन शब्द बोलावे, ही कल्पनाच तिथे नव्हती. आजच्या उमेदवाराला हीच वाट सोडून चालायचे आहे. ती कशी सोडता येते हे पाहायला आपल्याला फार लांब जाण्याचे कारण नाही.

शब्दाची उमेदवारी

पहिले उदाहरण फलटणचे. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन बाई १९६१ साली भारतात आल्या आणि पुढे भाषाशास्त्राच्या संशोधनासाठी फलटणला राहिल्या. संशोधनाचा विषय होता फलटणच्या लोकांचे बोलणे. एकाच गावात कोण कसे बोलतो आणि त्या फरकाचे जातीशी व शिक्षणाशी नाते काय, याचा तो अभ्यास. ज्या बोलीला आपण शहरी माणसे ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला सारतो, ती त्यांनी कान देऊन ऐकली. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके आणि १९७५ साली एक मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. अमेरिकेतल्या महाविद्यालयांतून पुण्याला शिकायला येणाऱ्या मुलांना मराठी शिकवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या भारताच्या नागरिक झाल्या, फलटणमध्ये त्यांनी मुलांसाठी शिक्षणाचे काम उभारले, आणि गावाने त्यांना ‘मॅक्सिन मावशी’ केले. परक्या माणसाला गाव नात्याच्या नावाने हाक मारू लागते, तेव्हा त्याची उमेदवारी संपली असे खुशाल समजावे.

भाषेचा एवढा आग्रह कशासाठी? दुभाष्या घेतला म्हणजे भागत नाही काय? नाही भागत, आणि का ते एका शब्दावरून पाहू. आपल्याकडच्या उसाच्या राजकारणात ‘उचल’ हा शब्द रोज कानी पडतो. शेतकरी ‘पहिली उचल’ मागतो, तेव्हा ती कारखान्याने त्याच्या उसापोटी द्यायची पहिली रक्कम असते. ते त्याचे येणे. बीडकडून आलेला ऊसतोड मजूरही उचल घेतो, पण ती मुकादमाकडून हंगामाच्या आधी घेतलेली रक्कम असते आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. ते त्याचे देणे. फड एक, शब्द एक, पण बांधाच्या अलीकडे तो हक्क आणि पलीकडे कर्ज. दुभाष्याने दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द वापरला की उसाची निम्मी कथा तिथेच गळून पडते.

‘कोयता’ या शब्दाचेही तसेच. टोळीत कोयते किती, असे विचारले तर हत्यारे मोजायची नसतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल दोघांची मिळून, हिशोब जोडीचा, आणि एकाचा खाडा झाला तरी भार जोडीवर. बाईने तोडलेल्या उसाची मजुरी तिच्या हाती का पडत नाही, याचे अर्धे उत्तर या एका शब्दात आहे. धनगरांचा ‘वाडा’ म्हणजे चौसोपी घर नव्हे. मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबांचा तो तळ. आणि ‘पेव’? एखाद्या गोष्टीचे पेव फुटले, असे आपण बोलता बोलता म्हणतो. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात मात्र पेव म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीखालचे खोल कोठार. २००५ च्या महापुराने तिथल्या पेवांची मोठी हानी केली. वाक्प्रचार आपल्या तोंडी राहिला आणि वस्तू निघून चालली, हे आपल्या ध्यानीही आले नाही.

ऋतूची उमेदवारी

दुसरा धडा काळाचा. गाव एकाच ऋतूत पाहणे म्हणजे माणसाला एकाच कपड्यात ओळखणे. चैत्र-वैशाखात जत्रा, लग्ने आणि कुस्त्यांचे फड. मृगाच्या आसपास आभाळाकडे लागलेले डोळे. दिवाळीनंतर कारखान्यांचे भोंगे आणि रस्त्यावर उसाच्या गाड्या. चैत्रात आलेल्या उमेदवाराला गाव उत्सवी वाटते, मार्गशीर्षात आलेल्याला ते राबते दिसते. दोघेही खरे सांगतात आणि दोघांचेही अपुरे असते.

जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक ग्युंटर सोन्थायमर यांना हे पुरते उमगले होते. धनगर एका जागी बसत नाहीत. दिवाळीनंतर फलटण-माणकडचे कळप घाट उतरून कोकणाकडे जातात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवतात, लेंडीचे खत देतात आणि बदल्यात धान्य घेतात. पाऊस लागायच्या सुमारास परत फिरतात. असा समाज खुर्चीत बसून कसा कळणार? सोन्थायमर धनगरांमध्ये वावरले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आणि १९८९ साली इंग्रजीत आला. आरेवाडीच्या बिरोबाला आपल्यातले पुष्कळजण जाऊन आले असतील. या देवाची कथा मेंढपाळाच्या वाटचालीशी बांधलेली आहे, हे मात्र अनेकांना एका जर्मन पंडिताने दाखवून दिले.

ऋतूचा धडा संकटाच्या बातमीला तर फारच लागू पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली पाण्यात गेली आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे दगावली. देशभरचे बातमीदार आले. पुराबरोबर आले आणि पुराबरोबरच ओसरले. चिखल काढून झाल्यावर पिकाचे काय झाले, कर्जाचे हप्ते कसे फिरले, मुलीचे ठरलेले लग्न पुढे गेले की मोडले, या बातम्या दिवाळीत लिहायच्या होत्या. तोवर गावात कोणी नव्हते. दुष्काळाचेही असेच आहे. २०१२-१३ साली म्हसवडच्या चारा छावणीत माणसे जनावरांच्या शेजारी पाले ठोकून महिनोन्‌महिने राहिली. तिथे तासाभरात छायाचित्र मिळते. बायका अंघोळीला कुठे जातात, शाळकरी पोरे कोणाजवळ ठेवली, हे कळायला मुक्काम करावा लागतो.

मुक्कामाची उमेदवारी

मुक्कामाचे सर्वांत मोठे उदाहरण वाळवे तालुक्यातल्या कासेगावचे. गेल ऑम्व्हेट यांचा जन्म १९४१ सालचा, अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसचा. १९६३ च्या सुमारास त्या प्रथम भारतात आल्या. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवीसाठी त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर आणि सत्यशोधक चळवळीचा अभ्यास केला, आणि त्यावरचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला आणि कासेगाव हे त्यांचे घर झाले. इथे त्यांना शलाका पाटणकर म्हणूनही ओळखत. १९८३ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले.

त्या विदुषी होत्या हे आपण जाणतो. त्या बातमीदारही होत्या, हे कमी ध्यानात घेतले जाते. १९८० साली निघालेले त्यांचे स्त्रियांच्या लढ्यांवरचे पुस्तक शेतमजूर आणि कामकरी बायांमध्ये हिंडून लिहिलेले आहे. नंतरही साप्ताहिकांतून आणि दैनिकांतून त्या सतत लिहीत राहिल्या. प्रतिसरकारच्या इतिहासावर त्यांनी १९८८ साली निबंध प्रसिद्ध केला. ज्या घरात त्या सून म्हणून आल्या, त्या घरातच इंदूताई पाटणकरांच्या रूपाने त्या लढ्याची साक्षीदार नांदत होती. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदाराला नेऊ न देता गावाने थोडी स्वतः विकून पैसा उभा केला, आणि पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणसांवर ठरवला, म्हणजे भूमिहीनालाही पाणी. या प्रयोगामागे जी चळवळ होती, ती त्यांच्या घरातलीच होती.

इथे कोणी विचारील, चळवळीत उतरलेल्या माणसाचे लिहिणे निःपक्षपाती कसे मानावे? शंका रास्त आहे. पण त्रयस्थ म्हणवणाऱ्याचाही एक पक्ष असतोच. तो ज्याच्या जीपमधून हिंडतो, ज्याच्या ओसरीवर जेवतो, त्याचा पक्ष नकळत त्याच्या वहीत उतरतो. ऑम्व्हेटबाईंनी आपली बाजू उघड सांगितली. उघड सांगितलेल्या बाजूची वजावट वाचकाला करता येते; झाकून ठेवलेलीची करता येत नाही. शिवाय मुक्काम करणाऱ्याला एक धाक असतो. लिहिलेले खोटे निघाले तर सकाळी त्याच पाणवठ्यावर त्याच माणसांना तोंड दाखवावे लागते.

परतफेड

चौथा धडा परतफेडीचा. माणसाने आपला वेळ दिला, घरातली भाकरी दिली, दुःख सांगितले. त्याच्या बदल्यात त्याला काय मिळाले? निदान त्याचे नाव आणि त्याचा शब्द तरी त्याच्यापाशी राहिला पाहिजे. मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतव्हॅ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा साठा एक लाखाहून अधिक आहे. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ग्रामीण भारताचा जो लोकसंग्रह सुरू केला, त्यात या ओव्या २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव येते. ‘लोकगीत’ म्हटले की ते कोणाचेच नसते, अशी आपली समजूत. इथे प्रत्येक ओवीला धनीण मिळाली. याच संग्रहासाठी तरुण विद्यार्थ्यांनी उमेदवारी केली आहे, आणि मजकूर मराठीसह अनेक भारतीय भाषांत आला आहे. म्हणजे ज्याच्यावर लिहिले त्याला तो वाचता येतो. गॅझेटियरपासून आपण किती पुढे आलो, ते यावरून कळेल.

शब्द ज्याचा त्याला देणे म्हणजे काय, ते कुंडलच्या कॅप्टन भाऊंनी साईनाथांना शिकवले. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीपाशी सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. लोक म्हणतात, गाडी लुटली. रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजेच कॅप्टन भाऊ, यांना हा शब्द मान्य नव्हता. इंग्रजांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे. बातमीदाराने ते तसेच नोंदवले. भाऊ ५ फेब्रुवारी २०२२ रोजी गेले. शब्द मागे राहिला.

आता नाणे उलटून पाहू. आपलीही माणसे परदेशी जाऊन लिहून आली आहेत. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांच्या प्रवासवर्णनाचे नावच ‘पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे’. माणदेशातली मेंढरे पाहिलेला माणूस परमुलखात प्रथम मेंढरेच पाहणार! या दोघांची उमेदवारी आधी घरच्या मातीत झाली होती. माडगूळकरांनी तर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम दीर्घकाळ केले. ज्याला आपले गाव वाचता येते, त्याला परके गाव वाचायला वेळ लागत नाही.

म्हणून येणाऱ्या उमेदवाराला सांगावे: बाबा रे, पहिला महिना छापायला काही पाठवू नकोस; ऐक, शब्द गोळा कर. घरधनी बोलत असेल तर त्याचे ऐकून घे, पण दुपारी बायका धुणे-भांडी आटोपून टेकतात तेव्हा त्यांच्यापाशीही बस. आजी, मामा, वहिनी अशी नाती जोड, पण जोडलेले नाते छापण्यापूर्वी आठव. लिहिलेले मराठीतून वाचून दाखव, आणि दुसऱ्या ऋतूत एकदा परत ये.

आणि श्रोतेहो, आपल्यालाही काही सांगणे आहे. हा उमेदवार खेड्यात पोचण्यापूर्वी आपल्या शहरात उतरतो. त्याचा पहिला दुभाष्या आपणच असतो. आपण त्याला कास पठार दाखवतो, जत्रेची तारीख सांगतो, आणि खेड्यातले लोक भोळे असतात असे एक वाक्य ऐकवून वाटेला लावतो. वाफसा म्हणजे काय, पाण्याची पाळी कशी चालते, चिटबॉयच्या हातात काय असते, हे त्याने विचारले तर आपल्यातले किती जण उत्तर देतील? कासेगाव आणि फलटण ही काही परदेशची गावे नव्हेत. तिथे राहून शिकायला मिनिॲपोलिसहून माणूस येऊ शकतो, तर सांगलीच्या पेठेतून एसटीने पोचणाऱ्या आपल्या मुलांना एक हंगाम तिथे काढायला काय हरकत आहे? पत्रकारिता शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना परदेशी जरूर पाठवावे. पण त्याआधी त्यांची निदान एक दिवाळी फडावर आणि एक उन्हाळा माणदेशात जाऊ द्यावा.